परभणीच्या प्रयोगशाळेत थॉनीचे एक सत्र

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले थॉनी हे मोफत सॉफ्टवेअर आम्ही परभणीतील आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत जुलैपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे एक पूर्ण सत्र, वापरले. त्याविषयीचे मत मांडण्यापूर्वी आम्ही ते कशासाठी घेतले हे सांगितले पाहिजे, कारण अशा साधनांची परीक्षणे एरवी वेग, रूप आणि सोयी यांवर लिहिली जातात आणि माझी गरज या तिन्हींपेक्षा वेगळी होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंगची जी भीती वाटते ती थोडी तरी हटावी, एवढ्यासाठी मी एखादे साधन शोधत होते.

ही भीती बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही. मी रांगेच्या मागून फिरू लागले की पुढची विंडो एकेक करून लहान होत जाते. मुले पडद्यावरचा प्रोग्राम झाकतात, जसा वर्गात पाटीवरचा चुकलेला हिशोब तळहाताने झाकला जायचा. ‘एरर आला’ हे वाक्य आमच्याकडे ज्या स्वरात उच्चारले जाते त्याच स्वरात घरी ‘मोटर जळाली’ असे सांगितले जाते. जिंतूर, मानवत, सोनपेठ, पूर्णा अशा ठिकाणांहून रोज अप-डाऊन करणारी ही मुले हुशार आहेत; बारावीला नव्वदच्या वर गुण घेऊन आलेलीही काही आहेत. किंबहुना त्यांनाच हा त्रास अधिक होतो, असे बारा वर्षे शिकवल्यानंतर माझे मत झाले आहे. लातूर पॅटर्नने साऱ्या मराठवाड्याला सराव परीक्षांची जी शिस्त लावली तिचे मोल मी नाकारत नाही, पण त्या शिस्तीत चूक म्हणजे गेलेला गुण असतो, आणि प्रोग्रामिंगमध्ये मात्र वीस वर्षे काम केलेल्या माणसाचाही प्रोग्राम पहिल्या झटक्यात क्वचितच चालतो. दोन वर्षे प्रत्येक चुकीची किंमत मोजलेल्या मुलासमोर दर दोन मिनिटांनी एक लाल ओळ उमटू लागली की तो तिला स्वतःविषयीचा निकाल समजतो. ‘माझं लॉजिकच लागत नाही, मॅडम’ असे तो पहिल्या महिन्यातच ठरवून टाकतो, आणि त्यानंतर मित्राच्या जर्नलमधला प्रोग्राम उतरवून काढण्याखेरीज त्याच्यापुढे दुसरी वाट उरत नाही.

यात आमच्या जुन्या साधनांचाही वाटा आहे. अनेक प्रयोगशाळांप्रमाणे आमच्याकडेही सी भाषा आजवर टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर शिकवली गेली, म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे सॉफ्टवेअर डॉसबॉक्स या जुने प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात बसवून. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी, थांबण्याची अट चुकली की तो निळा पडदा गोठायचा, मूल घाबरून विंडोच बंद करायचे आणि न साठवलेला प्रोग्राम त्याबरोबर जायचा. पायथनसोबत मिळणारे आयडल हे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर त्या मानाने सोपे आहे, पण साध्या वापरात तेही प्रोग्राम चालवून फक्त शेवटचे उत्तर किंवा शेवटची चूक दाखवते. आत काय घडले हे मुलाला कळत नाही. मग ते एखादे चिन्ह बदलून पाहते, पुन्हा चालवते, पुन्हा बदलते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची जुनी थट्टा या पद्धतीला जितकी लागू पडते तितकी गावालाही पडत नाही.

हा दोष केवळ आमच्या मुलांचा नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगते. २००१ साली मायकल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठांमध्ये प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम संपवलेल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, तेव्हा ११० पैकी सरासरी गुण २३ च्या आसपास भरले होते. पुढे २००४ साली रेमंड लिस्टर यांच्या गटाने दाखवून दिले की पुष्कळ विद्यार्थी प्रोग्राम लिहिण्याच्या आधी, दुसऱ्याने लिहिलेला छोटा प्रोग्राम ओळीओळीने वाचून त्याचे उत्तर काय येईल हे सांगण्यातच अडखळतात. म्हणजे जे मूल ‘लॉजिक लागत नाही’ म्हणते त्याला बहुधा यंत्र प्रत्येक ओळीवर नेमके काय करते याचे चित्रच डोळ्यांसमोर आणता येत नसते, आणि जे दिसत नाही त्याचे भय वाटणे स्वाभाविक आहे. थॉनी नेमके तेच चित्र पडद्यावर मांडते, आणि बाकी काही जमले नसते तरी एवढ्यासाठी मी ते ठेवले असते.

हे सॉफ्टवेअर एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात तयार झाले आणि त्याची मूळ बांधणी आइवार अन्नामा यांनी केली. एस्टोनिया या संपूर्ण देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख आहे, तर २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या परभणी जिल्ह्याची अठरा लाखांहून अधिक. ही तुलना मी वर्गात केली तेव्हा मागच्या बाकावरून ‘मग आपण काहून नाही केलं?’ असा प्रश्न आला, आणि त्याला मी अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. थॉनी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, त्याच्या पोटातच पायथन येत असल्यामुळे वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही, आणि एकदा पेन ड्राइव्हवर घेतले की इंटरनेटशिवाय सगळ्या यंत्रांवर बसवता येते. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी एका दुपारी अडतीस यंत्रांवर ते बसवले.

पहिल्यांदा उघडल्यावर दिसतात ते दोनच भाग, वर प्रोग्राम लिहिण्याची जागा आणि खाली शेल, म्हणजे उत्तर दिसण्याची जागा. ‘व्ह्यू’ मेनूतून व्हेरिएबल्सचा, म्हणजे नावे देऊन साठवलेल्या किमतींचा, तक्ता उघडावा लागतो, आणि माझ्या मते तो पहिल्याच दिवशी प्रत्येक यंत्रावर उघडून ठेवला पाहिजे. खरी करामत मात्र डीबगच्या, म्हणजे चूक शोधण्याच्या, बटणात आहे. ते दाबल्यावर प्रोग्राम पहिल्या ओळीवर थांबतो, एफ६ ने एकेक ओळ पुढे सरकतो आणि एफ७ ने त्या ओळीच्या पोटात शिरतो.

पोटात शिरणे म्हणजे काय, हे एका मुलीच्या प्रोग्रामवरून सांगते. दोन विषयांच्या गुणांची सरासरी काढायची होती. तिने ‘पहिला अधिक दुसरा भागिले २’ असे कंसाविना लिहिले, ४० आणि ६० हे गुण दिले आणि उत्तर ५० ऐवजी ७०.० आले. एरर नव्हता, लाल ओळ नव्हती, म्हणून ती अधिकच गोंधळली. ‘मॅडम, हे सत्तर काहून दाखवायलंय?’ असे तिने विचारले ते अर्ध्या आवाजात, शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने. कंस राहिला हे मी सांगू शकले असते, आणि पूर्वी मी तसेच सांगत असे. या वेळी मी तिला एफ७ दाबत राहायला सांगितले. ‘पहिला’ या शब्दाच्या जागी ४० हा आकडा आला. मग चौकट ‘दुसरा भागिले २’ एवढ्याच तुकड्याभोवती पडली, तिथे ६० आले, आणि पुढच्या दाबासरशी त्या सगळ्या तुकड्याचे ३०.० झाले. ती तिथेच थांबली. ‘हे आधीच भागू लागलं,’ असे ती म्हणाली, या वेळी पूर्ण आवाजात, आणि कंस तिने स्वतः घातला. भागाकार बेरजेच्या आधी होतो हा नियम तिला सातवीपासून पाठ होता. यंत्रही तो पाळते, हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिले.

फंक्शनच्या, म्हणजे नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या प्रोग्रामच्या तुकड्याच्या, बाबतीत हे साधन आणखी उपयोगी ठरले. प्रत्येक फंक्शन बोलावले गेले की थॉनी त्याची स्वतंत्र खिडकी उघडते आणि त्या खिडकीत त्या फंक्शनची आपली व्हेरिएबल्स दाखवते. स्वतःलाच बोलावणारे फंक्शन, ज्याला रिकर्शन म्हणतात, हा आमच्याकडे दरवर्षी मुले सोडून देत असलेला धडा आहे. चारचा फॅक्टोरियल, म्हणजे ४ × ३ × २ × १, काढायला सांगितल्यावर पडद्यावर एकीवर एक चार खिडक्या चढल्या, सर्वांत वरच्या खिडकीत एक हे उत्तर आले, आणि मग वरून एकेक खिडकी मिटत खालच्या खिडकीला आपले उत्तर देत गेली. फळ्यावर हे समजावताना मी आजवर बाण काढत आले. खिडक्या पाहिल्यावर मला उतरंड हा शब्द सुचला आणि तो वर्गात लगेच रुजला, कारण आजीच्या घरातली मडक्यांची उतरंड अनेकांनी पाहिलेली आहे आणि तिच्यातले खालचे मडके हवे असेल तर वरची आधी उतरवावी लागतात, हे कोणाला सांगावे लागत नाही.

चुकांच्या संदेशांबाबत माझे मत संमिश्र आहे. न मिटलेला कंस किंवा अवतरणचिन्ह थॉनी लिहिता लिहिताच रंगाने ठळक करते, त्यामुळे नवख्यांच्या निम्म्या तक्रारी प्रोग्राम चालवण्यापूर्वीच मिटतात. परंतु चूक झाल्यावर उजवीकडे जो ‘असिस्टंट’ उघडतो त्याने आमची थोडी निराशा केली. त्याचा हेतू चांगला आहे आणि साध्या चुकांवर तो कामाची सूचनाही देतो, पण बोलतो इंग्रजीत आणि सविस्तर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एका इंग्रजी वाक्याचा अर्थ लावण्यासाठी आणखी पाच इंग्रजी वाक्ये वाचावी लागतात. शेवटी नेहमी भेटणारे दहा-बारा संदेश आणि त्यांचे मराठी अर्थ मी एका तक्त्यावर लिहून भिंतीला लावले. हे काम सॉफ्टवेअरने करावे ही अपेक्षा मी ठेवलेली नाही, पण हे साधन घेणाऱ्याने ते काम स्वतः करण्याची तयारी ठेवावी.

त्या तक्त्यातही न बसणारा एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. एका मुलाने फासे टाकण्याचा छोटा खेळ लिहिला आणि फाइलला ‘रँडम’ हेच नाव दिले. पायथनच्या ज्या लायब्ररीतून त्याला यादृच्छिक आकडा हवा होता तिचेही नाव तेच असल्यामुळे प्रोग्राम लायब्ररीऐवजी स्वतःलाच बोलावू लागला, आणि ‘अर्धवट तयार झालेले मॉड्यूल’, ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ अशा अर्थाचा लांबलचक लाल मजकूर पडद्यावर आला. मुलाने खुर्ची मागे सरकवली आणि हात मांडीवर घेतले. आपण यंत्राचे काहीतरी बिघडवले अशी त्याची खात्री झाली होती आणि भरपाई किती द्यावी लागेल हा त्याचा पहिला प्रश्न होता. फाइलचे नाव ‘फासे’ केल्यावर तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, चालला. भीतीचे मूळ ज्ञानाच्या अभावात असते असे आपण सहज म्हणतो. इथे ते महागड्या वस्तूला हात लावण्याच्या संकोचात होते, आणि घरी संगणक नसलेल्या मुलाच्या बाबतीत हा संकोच मी वारंवार पाहिला आहे. थॉनीतले लाल ‘स्टॉप’ बटण या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते. न संपणारे लूप आम्ही पहिल्याच आठवड्यात मुद्दाम लिहायला लावले, शेलमध्ये आकड्यांचा लोंढा वाहू दिला आणि मग ते बटण दाबायला सांगितले. संगणक जळाला नाही, हे साठ मुलांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिले.

प्रोग्राम चालवताना थॉनी फाइल आपोआप साठवते. शहरातल्या वाचकाला ही बाब किरकोळ वाटेल, पण इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या थकलेल्या प्रयोगशाळेत दुपारी तीनला वीज गेल्यावर शेवटच्या वेळी चालवलेला प्रोग्राम तरी शाबूत सापडतो, याचे मोल आम्हाला विचारावे.

देवनागरीचा अनुभव मला अनपेक्षितपणे आनंद देऊन गेला, आणि त्याचे श्रेय खरे तर थॉनीपेक्षा पायथनचे आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येते. ‘बेरीज’, ‘रक्कम’, ‘गुण’ ही नावे तक्त्यात तशीच दिसतात. इतकेच काय, चालू प्रोग्रामला कळफलकावरून ‘१२’ असा देवनागरी आकडा दिला तर पूर्णांकात रूपांतर करणारे इंट फंक्शन तो बिनतक्रार बारा म्हणून स्वीकारते. प्रोग्रामच्या मजकुरात मात्र देवनागरी अंक थेट लिहिलेले चालत नाहीत. परीक्षेत इंग्रजी नावेच लिहावी लागणार हे मला ठाऊक आहे, तरीही पहिले दोन आठवडे मी देवनागरी नावांना मुभा दिली, आणि ज्या मुलांनी तोवर एकही प्रश्न विचारला नव्हता त्यांपैकी काहींनी तेव्हा विचारला.

आता उणिवा. सर्वांत मोठी ही की थॉनी मोबाइलवर चालत नाही. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांकडे फोनखेरीज काही नाही. चारच्या एसटीने गावी गेलेली मुलगी घरी सराव करते ती फोनवरच्या दुसऱ्याच ॲपमध्ये, आणि तिथे ना व्हेरिएबल्सचा तक्ता, ना उतरंड. आठवड्यातून दोन प्रात्यक्षिकांत जे धैर्य जमा होते त्यातले बरेचसे मधल्या पाच दिवसांत ओसरते. दुसरी उणीव, हे साधन फक्त पायथनपुरते आहे, त्यामुळे सी च्या पेपरसाठी निळा पडदा अजून आमच्या नशिबी आहेच. मोठी लूप्स डीबगमध्ये पायरीपायरीने चालवली तर वेग कंटाळवाणा होतो. आणि एक अडचण अशी, जिची मी कल्पना केली नव्हती. सत्राच्या मध्यावर पुढच्या रांगेतल्या तीन-चार मुलांनी व्यावसायिक प्रोग्रामर वापरतात ते व्हीएस कोड बसवले आणि थॉनीला ‘बालवाडीचं’ म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतल्या दोघांनी व्हेरिएबल्सचा तक्ता बंद केलेला मला दिसला. चूक लपवण्याची सवय मोडता मोडता मदत घेणे लपवण्याची नवी सवय लागत होती. मी त्यावर उपाय म्हणून एवढेच केले, की पुढच्या तासाला माझा स्वतःचा फसलेला प्रोग्राम प्रोजेक्टरवर थॉनीतच उघडला आणि चूक सापडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस मिनिटे, सर्वांसमोर एफ६ दाबत राहिले. चूक एका वजाच्या चिन्हाची होती. मुले खूप हसली, आणि तक्ते पुन्हा उघडले.

परीक्षेत मात्र थॉनी काहीच करू शकले नाही, आणि हे स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रात्यक्षिक परीक्षेला प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, तो तपासून झाल्यावर यंत्रावर बसायचे आणि मग तोंडी, असा आमच्याकडचा रिवाज आहे. सत्रभर पायऱ्यांनी विचार करायला शिकलेल्या मुलांपैकी एक जण कोऱ्या कागदासमोर अर्धा तास तसाच बसून राहिला. त्याच खोलीत, सरासरीचा कंस स्वतः शोधणाऱ्या मुलीने उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलने व्हेरिएबल्सचा तक्ता आखला होता आणि प्रत्येक ओळीनंतर जुना आकडा खोडून नवा लिहीत गेली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे कच्चे काम मागच्या पानावर कशाला, असे विचारून त्यावर तिरकी रेघ मारली. तिला गुण पुरेसे मिळाले. या भीतीने ज्याची झोप उडते, जेवण तुटते, त्या मुलासाठी मात्र कोणतेही सॉफ्टवेअर पुरेसे नाही. त्याला मी शासनाच्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक देते आणि तो फोन करीपर्यंत शेजारी बसते.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी चार देईन, आणि राखून ठेवलेला एक गुण फोनसाठी व इंग्रजी असिस्टंटसाठी समजावा. पैसे लागत नाहीत, परवाना खुला आहे, जुन्या यंत्रावरही ते तक्रार करत नाही. तेव्हा पहिल्या वर्षाला पायथन शिकवणाऱ्या कोणीही ते वापरून पाहायला हरकत नाही.

फक्त बसवताना एक काळजी घ्यावी, जी आम्ही घेतली नाही. थॉनीच्या ४.१ या आवृत्तीसोबत पायथन ३.१० येते आणि तिला नवे विंडोज लागते. विंडोज ७ वरच्या जुन्या यंत्रांसाठी पायथन ३.८ असलेला वेगळा संच मिळतो. आमच्या अडतीसपैकी दहा यंत्रांवर हा दुसरा संच आहे. राहिलेल्या कंसाबद्दल ३.१० ‘हा कंस मिटलाच नाही’ अशा अर्थाचे सरळ वाक्य देते, तर ३.८ पुढच्याच ओळीवर बोट ठेवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ एवढेच म्हणते. अनेक पर्यायांतून एक निवडणारी ‘मॅच’ ही रचना तर ३.१० पासूनच आली, त्यामुळे सोमवारी एका यंत्रावर चाललेला प्रोग्राम गुरुवारी दुसऱ्यावर बंद पडला आणि एका मुलीने दोन तास स्वतःची चूक शोधण्यात घालवले. तेव्हापासून त्या दहा यंत्रांच्या कपाळावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवली आहे: या यंत्रावर मॅच चालत नाही, चूक तुमची नाही.